दारात उभा केलेला अकबर : ‘मुघल-ए-आझम’च्या प्रसिद्धीचं प्रकरण

उपयोजित कलेच्या वर्गात हिंदी सिनेमाच्या पोस्टरचा विषय निघाला की मुलं थेट १९७० च्या दशकात जातात. दिवाकर करकरे यांनी रंगवलेला ‘दीवार’, ‘शोले’ची तडे गेलेली दगडी अक्षरं. हे शिकण्यासारखं आहेच. पण एखाद्या सिनेमाबद्दल भिंतीला नेमकं काय बोलायला लावायचं, हे कसं ठरतं? याचा अभ्यास करायचा तर मी त्यांना आणखी मागे, १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’पाशी नेतो. इथे प्रसिद्धीपुढचा पेच खरा होता. त्यातून काढलेली वाट त्या काळच्या रिवाजापेक्षा वेगळी होती, आणि पोस्टर, तिकीट, निमंत्रण, दारावरचं चित्र हे सगळं एकाच विचाराने बांधलेलं होतं. आपल्याकडे असा एकसंध विचार फार कमी वेळा झाला आहे.

पेच

दिग्दर्शक के. असिफ यांनी या सिनेमाचा ध्यास १९४० च्या दशकातच घेतला होता. त्या पहिल्या संचात अकबराच्या भूमिकेत चंद्रमोहन होते. मग फाळणी झाली, पैसा लावणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले आणि तोवरचं काम वाया गेलं. पुढे शापूरजी पालनजी मिस्त्री पाठीशी उभे राहिले. पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला, दुर्गा खोटे असा नवा संच घेऊन १९५० च्या दशकात चित्रीकरण पुन्हा सुरू झालं. सिनेमा लागला ५ ऑगस्ट १९६० ला.

दरम्यान १९५३ मध्ये याच कथेवरचा फिल्मिस्तान कंपनीचा ‘अनारकली’ येऊन गेला होता. बीना राय, प्रदीपकुमार आणि सी. रामचंद्र यांचं संगीत. त्या वर्षी तो तुफान चालला आणि त्याची गाणी घराघरात गेली. त्याही आधी, मूकपटांच्या काळापासून सलीम-अनारकलीची गोष्ट पडद्यावर येत होतीच. म्हणजे १९६० मध्ये गजरा माळलेली अनारकली आणि तिच्याकडे झुकलेला शहजादा असं चित्र भिंतीवर लावलं असतं, तर रस्त्यावरचा माणूस म्हणाला असता, हे तर बघून झालंय.

दुसरी गोष्ट, या सिनेमाबद्दल लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. शीशमहालासाठी बेल्जियमहून काच आणली, तो एक सेट उभारायलाच दोन वर्षं गेली, या बातम्या मुंबईत जुन्या झाल्या होत्या. काम इतकं लांबलं की कौतुक आणि शंका बरोबरीने वाढतात. ‘एवढा पैसा ओतलाय, निघायचा कुठून?’ हा प्रश्न वितरकांच्या तोंडी असणारच. प्रसिद्धीला प्रेक्षकांना खेचायचं होतं, तसं वितरकांनाही शांत करायचं होतं.

साधनं कोणती होती तेही पाहू. मुंबईत दूरदर्शन यायला १९७२ साल उजाडलं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ मध्ये. रेडिओ सिलोनवरून गाणी ऐकू यायची, पण सिनेमा डोळ्यांना दिसायचा तो भिंतीवर, वर्तमानपत्राच्या जाहिरातीत, थिएटरच्या दर्शनी भागावर, थिएटरात मांडायच्या पुठ्ठ्याच्या फलकांत म्हणजे शोकार्डांत आणि गाण्यांच्या चोपडीत. सगळा भार कागदावर आणि कापडावर होता.

विकायचं कोणाला?

आता मुख्य निर्णयाकडे. मुंबईत सिनेमा लागला मराठा मंदिरला. मराठा मंदिर संस्थेचं हे थिएटर १९५८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं, म्हणजे दोन वर्षांचंही नव्हतं. बसायची सोय सुमारे अकराशेंची. या थिएटरचा दर्शनी भाग मुघल महालासारखा सजवला गेला आणि बाहेर ४० फुटी कटआउट उभं राहिलं. ते दिलीपकुमारचं नव्हतं. मधुबालाचंही नव्हतं. ते पृथ्वीराज कपूर यांचं, अकबराचं होतं.

यावर विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावं असा माझा आग्रह असतो. १९६० मध्ये दिलीपकुमार हे हिंदी सिनेमातलं सर्वांत मोठं नाणं होतं. मधुबालाच्या चेहऱ्यावर तिकिटं खपत होती. त्या दोघांच्या तुटलेल्या नात्याची चर्चा ‘नया दौर’ सिनेमावरून झालेल्या १९५७ च्या कोर्टप्रकरणानंतर सगळ्यांच्या कानावर होती, आणि ती चर्चासुद्धा एखाद्याने सहज वापरली असती. असं असताना दारात उभा राहिला तो बाप. पन्नाशी ओलांडलेला नट, अंगावर बादशाही पोशाख, चेहऱ्यावर जरब.

माझं वाचन असं की ‘अनारकली’पासून वेगळं होण्याची एकच वाट मोकळी होती आणि तीच इथे धरली गेली. प्रेमाची गोष्ट आधीच सांगून झाली होती. प्रेमाच्या आड उभी असलेली सत्ता या आकारात कोणी दाखवली नव्हती. सिनेमाचं नावच मुळी अकबराचं आहे. १९६१ मध्ये तमिळमध्ये हा सिनेमा आला तेव्हा त्याचं नाव ‘अकबर’ ठेवलं गेलं, यावरूनही निर्माते गोष्टीचा कणा कोणाला मानत होते ते दिसतं. चाळीस फुटी बादशहाच्या पायाशी उभं राहून वर पाहणारा प्रेक्षक आत जाण्यापूर्वीच सलीम-अनारकलीच्या जागी जाऊन उभा राहत होता. आकार मोठा ठेवण्यामागे इतका नेमका अर्थ असलेलं दुसरं कटआउट मला तरी आठवत नाही.

प्रेमी जोडी पोस्टरवर अर्थात होती. ती नसती तर वितरकांनी डोक्याला हात लावला असता. पण जोडी आहे आणि तिच्यावर बादशहाची सावली आहे, हा क्रम प्रसिद्धीने घालून दिला.

कोल्हापूरचा हात

हे रंगवलं कोणी? पोस्टरं आणि मराठा मंदिरचे बॅनर रंगवण्यासाठी असिफ यांनी जी. कांबळे यांना बोलावलं. कांबळे कोल्हापूरचे. त्या वेळी ते परळला व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात काम करत होते, आणि असिफ यांनी त्यांना तिथून आपल्याकडे वळवलं.

कोल्हापूरचं नाव इथे येणं हा योगायोग नाही. बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः काढली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी मानलं जातं. त्या गावात व्यक्तिचित्रणाची शिस्त आणि रंगभूमीचा भव्यपणा एकाच कारखान्यात नांदत होते. पडदा रंगवणाऱ्याला वीस फुटी दरबार म्हणजे रोजचं काम. त्याला चेहऱ्यातली हाडं दिसतात, आणि शेवटच्या रांगेतून काय दिसेल हेही दिसतं. ‘मुघल-ए-आझम’ला नेमका असाच हात हवा होता. सिनेमातल्या अकबराचा मुकुटही कोल्हापूरच्याच कारागिरांनी घडवला होता.

कांबळे यांच्या कामासाठी असिफ यांनी विन्सर अँड न्यूटन कंपनीच्या रंगांचा बाजारात असेल नसेल तो सगळा साठा उचलला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. सांगणारे ती असिफ यांच्या उधळेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तिच्यात कामाची बाजू दिसते. सिनेमा लागत होता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मुंबईत ऐन पावसाळ्यात. बॅनरसाठी सर्रास वापरायचे ते भुकटी रंग, जवसाच्या तेलात खललेले. उन्हात ते विटतात आणि सततच्या पावसाने त्यांच्यातला गडदपणा मरतो. जिथे महिनोन्‌महिने सिनेमा चालवायचा आहे आणि दारावरचा लाल रंग शाहीच दिसला पाहिजे, तिथे चांगल्या रंगावर खर्च करणं ही चैन नव्हे.

एवढ्या मोठ्या चित्राची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. समोर असतं एक छायाचित्र, बहुधा हाताच्या पंजाएवढं. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या. कापड लाकडी चौकटीवर ताणून त्याला पांढऱ्याचा हात द्यायचा. मग खडूची पूड लावलेली दोरी दोन्ही टोकांना दोघांनी धरायची, मधे बोटांनी उचलून सोडायची. फटकन सरळ रेघ उमटते. सूत मारणं म्हणतात ते हेच. छायाचित्रातल्या एका चौकटीत डोळ्याचा कोपरा आणि भुवईचं टोक असेल तर कापडावरच्या त्याच चौकटीत तेवढंच काढायचं. परांचीवर बसलेल्या माणसाला हातभर अंतरावरून दिसतो तो नुसता तपकिरी, जांभळा, हिरवट रंगांचा गोंधळ. डोळा झाला की नाही हे कळायला खाली उतरून रस्ता ओलांडून जावं लागतं. बघणारा खालून बघणार, म्हणून डोकं मापापेक्षा थोडं मोठं धरावं लागतं, नाहीतर चाळीस फुटांवर ते चिंचोळं दिसतं. सावल्यांत काळा रंग भरला तर लांबून चेहऱ्याला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून तिथे निळा नाहीतर हिरवा दाबायचा. ही हिशेबाची कामं आहेत आणि ती हाताला मुरावी लागतात.

काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं रंगीत पोस्टर

या प्रकरणातला दुसरा मोठा प्रश्न रंगाचा. ‘मुघल-ए-आझम’चा बहुतांश भाग काळा-पांढरा आहे. शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा काही भाग एवढंच रंगीत. हे रंगीत रूप पाहून असिफ यांना सगळा सिनेमा पुन्हा रंगीत चित्रित करायचा होता, पण वितरकांचा धीर संपला होता.

काळ्या-पांढऱ्या सिनेमाचं रंगीत पोस्टर करणं त्या काळी नेहमीचंच होतं. प्रेक्षकाला ती फसवणूक वाटत नसे, कारण पोस्टर म्हणजे रंगवलेलं चित्र आणि सिनेमा म्हणजे छाया-प्रकाश हे तो धरूनच चालायचा. पण इथे थोडा भाग खरोखर रंगीत होता. म्हणजे पोस्टरवरच्या रंगाला पडद्यावर एक साक्षीदार होता. चित्रकाराने अनारकलीचा पोशाख वाटेल त्या रंगात रंगवून चालणार नव्हतं, आणि दुसरीकडे ज्या प्रसंगांची छायाचित्रं करड्या छटांतच उपलब्ध होती त्यांना रंग द्यायचे तर ते शीशमहालाशी जुळणारे हवेत. छायाचित्र चिकटवून हे साधलं नसतं. करड्या छायाचित्रावर पातळ रंगाचा हात फिरवला की ते फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या तसबिरीसारखं दिसतं; बादशाही दिसत नाही. पूर्ण चित्र नव्याने रंगवणं हाच मार्ग होता. म्हणून या प्रकरणात चित्रकाराची निवड आधी आणि पोस्टरची मांडणी नंतर असा क्रम लागतो.

अक्षरांबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्या काळात हिंदी सिनेमाच्या पोस्टरवर नाव तीन लिप्यांत येई : रोमन, देवनागरी आणि उर्दू. तिन्हींचा स्वभाव वेगळा. देवनागरी शिरोरेषेला लटकते, तिचा भार वर. रोमन खालच्या रेषेवर बसते. उर्दूची नस्तालीक वळणाची लिपी उजवीकडून निघून तिरपी खाली उतरते, आणि तिचे अर्धगोल शेजारच्या ओळीत शिरू पाहतात. त्यात हे नाव लांबलचक, मधे दोन जोडरेघा. तिन्ही ओळी सारख्या उंचीच्या केल्या तर पोस्टरचा तिसरा हिस्सा नावातच जातो. एकीला मोठं केलं तर बाकीच्या दोन्ही ओळी हिंदुस्थानच्या अर्ध्या भागात वाचल्याच जाणार नाहीत. पंजाब-दिल्लीकडच्या प्रेक्षकाला उर्दू हवी, नागपूर-इंदूरकडच्याला देवनागरी, मद्रास-कलकत्त्याला रोमन. तिन्ही लिप्या हाताने काढायच्या, त्यामुळे चित्रकाराबरोबर कातिबाचा म्हणजे उर्दू सुलेखन करणाऱ्याचा आणि अक्षर काढणाऱ्याचा हातही त्या कागदावर असतो. माझ्या मुलांना मी हे नाव तीन लिप्यांत एका आयतात बसवायला देतो. संगणकावर तयार फॉन्ट असूनही दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे चेहरे उतरलेले असतात.

तिकीट की फर्मान

आतापर्यंत जे सांगितलं ते भव्य होतं. माझ्या मते या प्रसिद्धीचं खरं सामर्थ्य मात्र तिच्या सर्वांत लहान वस्तूंत आहे.

पहिल्या खेळाची निमंत्रणं गुंडाळीच्या आकारात केली होती, राजाच्या फर्मानासारखी. मजकूर उर्दूत आणि रूप ‘अकबरनामा’ या अकबराच्या इतिहासग्रंथाच्या पानाचं. ज्याच्या हातात ते पडलं त्याला सिनेमाचं बोलावणं आलं नव्हतं, दरबाराचं आलं होतं. कागद उलगडायला दोन्ही हात लागतात, मान खाली जाते, डोळे ओळीवरून फिरतात. निमंत्रण वाचताना माणूस आपसूक दरबारी बनतो. वस्तूच्या घडणीतून माणसाची हालचाल ठरवणं ही उपयोजित कलेतली फार वरची पायरी, आणि ती इथे कसलाही गाजावाजा न करता गाठली आहे.

तिकिटाचंही तेच. साधारण तिकीट म्हणजे खिडकीवर फाडून दिलेला पातळ कागदाचा कपटा. इथे तिकीट म्हणजे छोटी पुस्तिका होती. आत सिनेमाची छायाचित्रं, मजकूर, निर्मितीची माहिती. त्याची किंमत १०० रुपये होती असं नोंदलेलं आहे, आणि तेव्हा नेहमीचं तिकीट दीड रुपयाच्या घरात होतं. इतका भाव मागायचा तर हातात तितकं वजन पडलं पाहिजे, हा हिशेब मांडणाऱ्याने बरोबर ओळखला. तिकीट खेळ संपल्यावर खिशातून फेकून द्यायचं असतं. हे घरी नेऊन ट्रंकेत ठेवायचं झालं. आज संग्राहक ते शोधत फिरतात.

शीशमहालाचा सेटसुद्धा स्टुडिओतून आणून थिएटरवर मांडला होता. तिकीटवाल्यांना आत फिरून बघता येई. सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून, सनई आणि बिगुलाच्या आवाजात आणली गेली. हत्तीची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला ती या प्रकरणातली कमी महत्त्वाची वाटते, कारण हत्ती एक दिवस येतो आणि जातो. गुंडाळी, पुस्तिका, बॅनर आणि कटआउट या चारही गोष्टी एकच वाक्य बोलतात : तुम्ही बादशहाच्या दारात आला आहात.

मराठा मंदिरच्या बाहेर

सिनेमा एकाच वेळी देशभरात १५० थिएटरांत लागला. ती संख्या तेव्हाच्या मानाने मोठी. आता अमरावतीला किंवा सोलापूरला हत्ती जाणार नव्हता, शीशमहाल जाणार नव्हता, शंभर रुपयांची पुस्तिका तर नाहीच. तिथे जायचा तो छापील कागद : ३० बाय ४० इंची पोस्टर, मोठ्या भिंतींसाठी अनेक तुकडे जोडून लावायची पोस्टरं, शोकार्डं, छायाचित्रांचा संच आणि चोपड्या. मुंबईत छापून गठ्ठे वितरकांकडे, तिथून थिएटरांकडे.

छापील पोस्टरचं एक काम आपण विसरलो आहोत. गावोगावचा बॅनर रंगवणारा पेंटर त्याच पोस्टरवर चौकटी आखून आपलं कापड रंगवत असे. मुंबईत काढलेल्या एका चित्राच्या अशा शेकडो हातांनी नकला होत. म्हणून मूळ चित्रात बारीक नक्षी जितकी कमी आणि मोठी मांडणी जितकी पक्की, तितकं ते पुढच्या हातांत टिकतं. अकबराचा मुकुट, भरघोस मिशा, सलीमची उभी ढब, अनारकलीची नजर या चार खुणा सांभाळल्या की नवख्या पेंटरच्या हातूनसुद्धा सिनेमा ओळखू येतो. या कसोटीवर ‘मुघल-ए-आझम’ची माणसं पास होतात. त्यांची बाह्यरेखाच त्यांची ओळख आहे.

काय साधलं, काय हुकलं

तिकीटविक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मराठा मंदिरबाहेर लाखभर माणसं जमल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. लोक रांगेत दिवस काढत होते, घरून डबे येत होते. गर्दी आवरेना म्हणून पोलिस आले आणि पुढे तीन आठवडे आगाऊ विक्री बंद ठेवावी लागली. त्यानंतर सिनेमाने कमाईचा जो आकडा गाठला तो मोडायला १९७५ चा ‘शोले’ यावा लागला.

हे सगळं पोस्टरमुळे झालं असं कोणी म्हणू नये. नौशाद यांची गाणी होती, संवाद होते, दहा-बारा वर्षांची उत्सुकता होती. प्रसिद्धीने केलं ते एवढंच की त्या उत्सुकतेला एक नवा चेहरा दिला, आणि सात वर्षांपूर्वीच्या सिनेमाची आठवण बाजूला सारली.

पण गर्दीची ती परिस्थिती आखणीतली चूकही दाखवते. अकराशे खुर्च्यांच्या थिएटरसाठी अख्ख्या शहराला फर्मान काढलं गेलं. दारावर इतकं लक्ष दिलं आणि खिडकीवर दिलं नाही. रांग कुठून, कोणत्या तारखेचं तिकीट कधी, मिळालं नाही तर काय, हे सांगणारा साधा छापील तक्ताही प्रसिद्धीचाच भाग असतो. भव्यतेच्या नादात असे कागद कायम मागे पडतात, आणि आजही पडतात. मोठ्या कार्यक्रमांची निमंत्रणं पाहा : सोनेरी छपाई असते आणि गाडी कुठे लावायची ते नसतं.

दुसरं हुकलं ते जपणुकीत. बॅनरचं कापड सिनेमा उतरला की पांढरं करून पुढच्या सिनेमासाठी वापरायचं हा धंद्याचा नियम. कटआउट मोडून लाकूड परत. त्यामुळे जे सर्वांत मोठं होतं ते सर्वांत आधी गेलं, आणि तळहाताएवढी तिकिटं उरली.

२००४

१२ नोव्हेंबर २००४ ला हाच सिनेमा संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला. त्याच शुक्रवारी ‘वीर-झारा’, ‘ऐतराज’ आणि ‘नाच’ हे नवे सिनेमेही लागले. भिंती तोवर पूर्ण बदलल्या होत्या. कुंचला जाऊन डिजिटल छपाई आली होती, कापड जाऊन फ्लेक्स आलं होतं. प्रसिद्धीपुढचा प्रश्न आता नेमका उलटा : १९६० मध्ये करड्या छायाचित्रांना रंग द्यायचे होते, २००४ मध्ये सिनेमाच रंगीत झाला होता आणि तोच विकायचा होता. ‘अनारकली’शी स्पर्धाही उरली नव्हती, मधुबालाचा चेहरा तोवर दंतकथा झाला होता, आणि नव्या पिढीला ओढायला तो पुरेसा होता. काळ बदलला, गिऱ्हाईक बदललं, त्यामुळे यात गैर काही नाही. तरी दोन्ही वेळच्या साहित्याची तुलना केली की एक फरक डोळ्यांत भरतो. २००४ मध्ये रंग ही बातमी होती, तर १९६० मध्ये रंगाला बादशहाची सेवा करायची होती.

जी. कांबळे यांचं पुढे काय झालं हे मराठी वाचकाला निराळं सांगायची गरज नसावी, पण बहुतेकांना नाव माहीत नसतं म्हणून सांगतो. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपतींचं जे चित्र अधिकृत म्हणून स्वीकारलं आणि जे सरकारी कचेऱ्यांत भिंतीवर दिसतं, ते त्यांच्याच हातचं. बॅनर रंगवणाऱ्याला ‘पेंटर’ म्हणून खालच्या ओळीत बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. राजा कसा उभा राहतो, कसा पाहतो, त्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडला म्हणजे जरब आणि माया दोन्ही दिसतात, याचा सराव त्यांनी सिनेमाच्या कापडावरही केला होता.

या प्रकरणातून आजच्या कामासाठी मी एकच गोष्ट मागतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी पोस्टरं आणि चोपड्या जपल्या जातात, पण अशा कागदांचा मोठा भाग अजून लोकांच्या घरात, थिएटरांच्या माळ्यांवर आणि जुन्या वितरकांच्या कपाटांत आहे. तुमच्याकडे असा कागद निघाला तर तो विकण्यापूर्वी किंवा चौकटीत बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचं छायाचित्र घ्या, मापं लिहून ठेवा, आणि खालच्या कडेला बारीक टाइपात छापखान्याचं नाव किंवा कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का ते भिंगाने पाहा. चौकट करणारे नेमकी तीच कड कापतात. त्यांना कापू देऊ नका.